बेघरांच्या सोबतीला जाणारी मंडळी : एका सेवाकार्याचे परीक्षण

रस्त्यावर राहणाऱ्या माणसांमध्ये संध्याकाळी जाऊन काम करणाऱ्या एका लहान ख्रिस्ती स्वयंसेवक गटाच्या सेवेचे हे परीक्षण आहे. गटाचे नाव आणि तो फिरतो त्या जागा मी मुद्दाम देत नाही. आपली झोपायची जागा कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ज्यांना रोज जपावे लागते, त्यांचा ठावठिकाणा एखाद्या परीक्षणातून जाहीर होणे योग्य नाही, आणि गटाचीही तशीच इच्छा आहे. मी या गटाबरोबर स्वयंसेवक म्हणून फिरलो आहे, त्यांच्या तयारीच्या बैठकांना बसलो आहे, आणि अशा कामाचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे त्यांची पद्धत इतरांच्या कामाशी ताडूनही पाहिली आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हा गट जे वाटतो ते फारसे नाही. पण तो ठरलेल्या वारी त्याच माणसाकडे पुन्हा जातो, आणि एवढ्या एका गोष्टीमुळे त्याचे काम मला मोठमोठ्या वाटपांपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. त्याच्यात जे दोष आहेत तेही बहुतेक तिथेच आहेत, जिथे हे पुन्हा जाणे कुठेतरी खंडित होते.

कामाची मांडणी साधी आहे. दोघातिघांची एक तुकडी, तिचा ठरलेला रस्ता आणि ठरलेला वार. पाठीवरच्या पिशवीत कोरडे मोजे, साबण, पाण्याच्या बाटल्या, गरम पेयाचा थर्मास, स्त्रियांसाठी सॅनिटरी पॅड, आणि जवळपासचे निवारे, दवाखाने व अंघोळीची सोय कुठे आणि कोणत्या वेळी मिळते याचा एक छापील कागद. खाण्याचे पदार्थ ते थोडेच नेतात, कारण खाणे देणारे इतरही असतात, आणि पिशवी जड झाली की लक्ष माणसावरून उडून पिशवी रिकामी करण्याकडे जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. एकाच वेळी मोठा घोळका घेऊन जायचे नाही, हाही त्यांचा नियम आहे. झोपलेल्या माणसाभोवती आठ-दहा धडधाकट लोक उभे राहिले, तर त्यांच्या मनात कितीही प्रेम असले तरी त्या माणसाला ते वेढल्यासारखेच वाटणार.

या गटातली एक सवय मला फार महत्त्वाची वाटली. जमिनीवर पुठ्ठे पसरून, त्यांच्या कडेला पिशव्या रचून एखाद्याने आपली जागा केलेली असते. स्वयंसेवक त्या पुठ्ठ्यावर पाय ठेवत नाहीत. कडेला थांबतात, थोडे वाकतात, आणि "बसू का?" असे विचारतात. होकार आला तर पुठ्ठ्याच्या बाहेर, जमिनीवर बसतात; नकार आला तर "बरं, पुढच्या आठवड्यात येऊ," म्हणून निघतात आणि खरोखरच येतात. एक वयस्क गृहस्थ पहिल्या कित्येक भेटींत नुसते हात हलवून यांना परत पाठवत असत. नंतर एका संध्याकाळी त्यांनी स्वतःची एक घोंगडी घडी करून पुठ्ठ्याच्या एका टोकाला ठेवली आणि बोटाने बसण्याची खूण केली. तुकडीतल्या ताईंनी आढेवेढे न घेता त्या घोंगडीवर बसून घेतले. घोंगडी मळकी होती. पण तिच्यावर बसायला नकार देणे म्हणजे यजमानाचा अपमान झाला असता, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

ज्या वचनावर अशी सेवाकार्ये उभी राहतात ते बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातले, येशूच्या तोंडचे आहे : मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका होतो, उघडा होतो. ते सगळ्यांना पाठ असते. हा गट मात्र आपल्या तयारीच्या बैठकीत लूकच्या दहाव्या अध्यायातल्या शोमरोन्याच्या दाखल्याकडे अधिक वळतो, आणि तेही त्यातल्या एका सहज नजरेआड होणाऱ्या तपशिलाकडे. शोमरोन प्रांतातला एक परका प्रवासी वाटेत लुटून टाकलेल्या माणसाच्या जखमा बांधतो, जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण दुसऱ्या दिवशी निघताना तो उतारशाळेच्या रखवालदाराला पैसे देतो आणि अधिक खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन, असे सांगतो. त्याच्या दयेत परत येण्याचा शब्द आहे. लूकच्याच सोळाव्या अध्यायात दारात पडलेल्या गरिबाला लाजर हे नाव आहे आणि श्रीमंताला नाव नाही, याचीही त्यांनी गाठ बांधून ठेवली आहे. नावाने हाक मारणे हा त्यांच्या कामाचा गाभा आहे, आणि तो त्यांनी शास्त्रातून घेतला आहे हे पाहून, चर्चच्या मंडळीत वाढलेला माणूस म्हणून मला मनापासून समाधान वाटले.

नावाचे महत्त्व कळायला रोमचे एक उदाहरण पुरेसे आहे. तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकावर राहणारी मोदेस्ता व्हालेन्ती ही वृद्ध स्त्री ३१ जानेवारी १९८३ रोजी आजारी पडली, आणि तिच्या अंगावर उवा आहेत म्हणून रुग्णवाहिकेने तिला नेण्यास नकार दिला. कित्येक तास ती तशीच पडून राहिली आणि मरण पावली. आन्द्रेआ रिक्कार्दी यांनी विद्यार्थिदशेत, १९६८ साली रोममध्ये सुरू केलेला सान्तएजिदियो हा समुदाय तिच्यासारख्यांशी मैत्री राखून होता. तेव्हापासून हा समुदाय दरवर्षी तिची आणि रस्त्यावर मेलेल्या इतरांची चर्चमध्ये नावे घेऊन आठवण करतो. पुढे रोमच्या पालिकेने, ज्यांना घर नाही त्यांची रहिवासी म्हणून नोंद व्हावी यासाठी कागदावरचा एक रस्ता मानला आणि त्याला मोदेस्ताचे नाव दिले. मैत्री खरी असली की ती मृत्यूनंतरही हिशेब मागते, आणि कधीकधी सरकारी दप्तरापर्यंत जाऊन पोहोचते.

आता पायांविषयी, कारण या गटाचे सर्वात चांगले काम मी तिथेच पाहिले. रस्त्यावर राहणाऱ्याला दिवसभर चालावे लागते, कारण कुठेही फार वेळ बसू दिले जात नाही. रात्री चोरीच्या भीतीने बूट पायांतच ठेवून झोपावे लागते. आणि अनेक जण बसल्या बसल्याच झोपतात, त्यामुळे पायांना सूज येते. ओल्या मोज्यांत पाय दिवसेंदिवस राहिले की कातडी पांढरी पडते, सुरकुतते, बधिर होते आणि मग फाटते. मधुमेह असेल तर जखम झालेली कळतही नाही. गटातले एक निवृत्त परिचारक ज्या रीतीने हे काम करतात ते पाहण्यासारखे आहे. आधी परवानगी विचारायची, बूट त्या माणसालाच काढू द्यायचे, कोमट पाण्याने पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांतले पाणी टिपून घ्यायचे, आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच नवे मोजे घालायचे. काळी पडलेली बोटे, पसरत चाललेली लाली किंवा दुर्गंधी येणारी जखम दिसली की स्वतः काही न करता दवाखान्याचा विषय काढायचा. ज्याच्याकडे आज कोणी नजर वर करून पाहिलेले नसते, त्याच्या पायांपाशी एक माणूस गुडघे टेकून बसलेला असतो आणि बोलणे आपोआप सुरू होते.

बॉस्टनमध्ये डॉ. जिम ओकॉनेल यांनी १९८५ साली बेघरांसाठी काम सुरू केले, तेव्हा निवाऱ्यातल्या अनुभवी परिचारिकांनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावून सुरुवातीला फक्त लोकांचे पाय पाण्यात भिजवून धुण्याचे काम दिले होते. तो धर्मसंस्थेचा उपक्रम नव्हता, तरी योहानाच्या तेराव्या अध्यायात कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारा येशू ज्याला ठाऊक आहे, त्याला यातले नाते समजावून सांगावे लागत नाही. मोज्यांबद्दल एक व्यावहारिक सूचना मात्र करतो. गटाकडे येणारे बरेचसे मोजे पातळ सुती असतात. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि थंडीत पाय गारठवते. देणगीदारांना लोकरीचे किंवा लोकरमिश्रित जाड मोजे द्यायला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गट संकोचापोटी ते सांगत नाही.

सोबत जाणे ही सेवेची दुसरी बाजू, आणि ती वाटपापेक्षा अवघड आहे. ओळखपत्र हरवले की नवे मिळवायला पत्ता लागतो, पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, आणि ओळखपत्र नाही म्हणून निवृत्तिवेतन, उपचार किंवा बँकेचे खाते नाही. हे चक्र एकट्याने भेदणे जवळजवळ अशक्य असते. एका कार्यालयात मी एका गृहस्थांबरोबर गेलो होतो. त्यांनी आपले सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिला वर आणखी एक पिशवी घालून, शर्टाच्या आत ठेवले होते. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने त्यांच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून "यांना काय हवंय?" असे विचारले. गटाच्या समन्वयकांनी आम्हाला आधीच बजावले होते की अशा वेळी उत्तर आपण द्यायचे नाही. आपण त्या माणसाकडे वळायचे आणि त्याला बोलू द्यायचे. मी तसे केले. ते अडखळत, पण स्वतः बोलले, आणि अर्ज दाखल झाला. इतका बारीक विचार केलेले मार्गदर्शन मला अन्यत्र क्वचितच आढळले आहे.

प्रार्थनेच्या प्रश्नाला मी मुद्दाम अधिक जागा देणार आहे, कारण ख्रिस्ती सेवाकार्याचे परीक्षण करताना तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा काही प्रॉटेस्टंट मिशनरी मंडळ्यांनी भुकेल्या कॅथलिकांना अन्न देताना आपल्या पंथात येण्याची अपेक्षा ठेवली. त्याची कडवट आठवण त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्याच दुष्काळात क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी कोणाचाही पंथ न विचारता सूप वाटले, आणि त्यांचे नाव तिथे आजही आदराने घेतले जाते. एकाच पुस्तकावर विश्वास ठेवणाऱ्या दोन प्रकारच्या माणसांची ही गोष्ट प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी सांगितली गेली पाहिजे. पुढेही अनेक मिशनांत आधी प्रवचन आणि मग जेवण असा क्रम असे. भुकेला माणूस मागच्या बाकावर डोके खाली घालून बसे, आणि ऐकले किती याचा हिशेब कोणापाशीच नसे.

या गटाचा नियम असा आहे : निघण्यापूर्वी आपसांत प्रार्थना करायची, रस्त्यावर ती कोणी मागितली तरच, हळू आवाजात आणि थोडक्यात करायची, आणि मदतीचा तिच्याशी काहीही संबंध ठेवायचा नाही. एकदा एका नव्या, उत्साही तरुणाने मोज्यांच्या जोडांत शास्त्रवचनांची पत्रके घालून ठेवली होती. समन्वयकांनी ती शांतपणे बाहेर काढली आणि त्याला सांगितले की, पत्रक कोणी मागितले तर तू अवश्य दे, पण मोजे हवे असणाऱ्याच्या हाती ते न विचारता पडता कामा नये. त्या तरुणाला हे पटले नाही. आपण प्रभूचे नाव लपवतो आहोत, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्याची तळमळ खरी होती. माझे मत समन्वयकांच्या बाजूने आहे. जो माणूस नाही म्हणण्याच्या स्थितीत नाही, त्याच्या हो म्हणण्याला श्रद्धा म्हणता येत नाही. शिवाय, "तुम्ही दर आठवड्याला का येता?" हा प्रश्न बहुतेक जण कधी ना कधी विचारतातच, आणि त्या वेळी स्वयंसेवकाने आपल्या श्रद्धेविषयी सरळ बोलण्यात कसलाच आडपडदा नसतो. मी ऐकलेली अशी संभाषणे कुठल्याही व्यासपीठावरच्या साक्षीपेक्षा मला खरी वाटली.

मैत्री दोन्ही बाजूंनी व्हावी लागते, आणि इथे गट मला थोडा कमी पडताना दिसतो. आबे पिएर या कॅथलिक धर्मगुरूंनी १९४९ साली फ्रान्समध्ये एम्माउस समुदाय सुरू केला, तो एका अशा माणसाबरोबर ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला होता. तुला देण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, पण बेघरांसाठी घरे बांधायला मला तुझी मदत हवी आहे, असे त्यांनी त्याला म्हटल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. लंडनमध्ये अँटन वॉलिक-क्लिफर्ड यांनी १९६३ साली सायमन कम्युनिटी काढली. येशूचा वधस्तंभ वाहायला हात लावणाऱ्या कुरेनेकर शिमोनाच्या नावाने चालणाऱ्या या समुदायात स्वयंसेवक आणि बेघर एकाच छपराखाली राहत. न्यूयॉर्कमध्ये डॉरोथी डे आणि पीटर मोरँ यांनी १९३३ मध्ये सुरू केलेल्या कॅथलिक वर्कर चळवळीच्या आतिथ्यगृहांतही कोण आश्रयदाता आणि कोण आश्रित हे बाहेरच्याला चटकन ओळखता येत नसे. आमच्या गटाच्या तयारीच्या बैठकीत मात्र रस्त्यावर राहिलेला एकही माणूस नव्हता. ज्यांना आता छप्पर मिळाले आहे असे काही जण गटाच्या ओळखीचे आहेत. कुठली जागा कोणत्या वेळी सुरक्षित असते, कोणाशी कसे बोलावे, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? त्यांना बोलावले पाहिजे, आणि पाहुणे म्हणून नव्हे तर निर्णयात भाग घेणारे म्हणून.

इतर उणिवाही सांगतो. नाताळच्या सुमारास मदतीचा पूर येतो. एकाच संध्याकाळी चार चार गट एकाच रांगेतून फिरतात, आणि लोकांना जागा नाही म्हणून चांगल्या वस्तू टाकून द्याव्या लागतात. नाताळ सरला की रस्ते पुन्हा सुने होतात, जेव्हा थंडी अजून बाकी असते. हा गट स्वतः वर्षभर जातो, पण इतर मंडळ्यांशी बोलून वार वाटून घेण्याचा प्रयत्न त्याने केलेला नाही. पाळकांनी एकमेकांना चार फोन केले तर हे काम होण्यासारखे आहे.

स्त्रियांपर्यंत गट नीट पोहोचत नाही, ही याहून गंभीर गोष्ट आहे. उघड्यावर राहणाऱ्या स्त्रिया रात्री दिसू नयेत म्हणून लपून राहतात, किंवा रात्रभर चालत राहतात आणि उजेडात कुठेतरी टेकतात. संध्याकाळच्या फेरीत त्या भेटणार नाहीत. त्यांच्यासाठी पहाटेची फेरी आणि स्त्री स्वयंसेवकांची तुकडी लागेल.

नोंदवहीचा विषय वेगळा. प्रत्येक तुकडी एक लहान वही ठेवते. तीत माणसाने स्वतः सांगितलेले नाव, काय कबूल केले आणि पुढच्या भेटीत काय न्यायचे, एवढेच लिहितात. आजार, भूतकाळ, फोटो यांपैकी काहीही नाही, आणि हे अगदी योग्य आहे. पण एका तुकडीची वही एकाच स्वयंसेविकेकडे होती. ती दुसरीकडे राहायला गेली, आणि चष्मा आणून देतो असा दिलेला एक शब्द तसाच राहिला. ते आजोबा नंतर कित्येक आठवडे कोणाशी बोलले नाहीत. स्वयंसेवक सोडून जाणारच, ते माणसेच आहेत. पण जाण्यापूर्वी नव्या माणसाला बरोबर नेऊन ओळख करून देणे आणि निरोप घेणे बंधनकारक केले पाहिजे. ज्यांना आयुष्यात पुष्कळांनी न सांगता सोडले आहे, त्यांच्या बाबतीत ही हयगय साधी राहत नाही. मंडळीच्या सभेत एकाने साक्ष देताना एका भेटलेल्या माणसाची सगळी कहाणी नावानिशी सांगितली, तेही मला खटकले. ती कहाणी ज्याची आहे त्याला विचारले होते का, असे कोणी विचारले नाही.

शेवटी घराचा प्रश्न. अशी मैत्री घराला पर्याय आहे असे गटही मानत नाही, पण त्या दिशेने तो पुरेसे बोलत नाही. सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये व्यसन सोडण्याची किंवा उपचार घेण्याची अट न घालता आधी घर देण्याची पद्धत सुरू केली. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, सुमारे दोन हजार लोकांच्या सहभागाने तिची चाचणी घेतली, तेव्हा आधी घर मिळालेले लोक नेहमीच्या सेवा मिळालेल्यांपेक्षा अधिक काळ घरात टिकून राहिले असे दिसले. अटीविना देण्याची ही कल्पना चर्चमध्ये बसणाऱ्याला परकी वाटू नये. घर मिळाल्यानंतर येणारा एकटेपणा मात्र फार मोठा असतो. चार भिंतींत दार वाजवणारे कोणीच नसते, जुने सोबती मागे राहिलेले असतात, आणि काही जण त्यामुळेच पुन्हा रस्त्यावर येतात. तिथे या गटासारख्यांची खरी गरज आहे, आणि घर मिळाले की भेटी थांबवण्याची त्यांची सध्याची पद्धत म्हणूनच मला चुकीची वाटते.

या सेवेत कोणी सामील व्हावे, असे विचाराल तर ज्याला वर्षभर एक ठरावीक संध्याकाळ राखून ठेवता येईल आणि शांत बसून ऐकता येईल त्याने. एखाद्याच वेळी येऊन पाहण्याची इच्छा असलेल्यांनी मोजे निवडणे, थर्मास भरणे, कागदाची नवी प्रत काढणे अशी मागची कामे घ्यावीत, तीही लागतात. तयारीच्या दोन बैठका चुकवू नयेत, कारण नशेत असलेल्याशी कसे बोलावे, थंडीने गारठून थरथरणे थांबलेला माणूस दिसला तर वैद्यकीय मदत तातडीने का बोलवावी, आणि एखाद्याने पैसे मागितले तर काय उत्तर द्यावे, हे सगळे तिथे शिकवतात. फोन खिशात ठेवावा. नाव आधी स्वतःचे सांगावे, मग विचारावे. समन्वयकांकडे मी पहाटेच्या फेरीचा आणि घर मिळालेल्यांकडे भेटी सुरू ठेवण्याचा प्रस्ताव लेखी दिला आहे. पहिल्यासाठी तीन ताई तयार झाल्या आहेत, दुसऱ्यासाठी अजून माणसे हवी आहेत.